आर्मांदीन गूझोंनं बंद न केलेला सांधा

आर्मांदीन गूझोंचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चांगला दीडपट रुंद होता. चाळीस वर्षं चांदी चमकवायची ओपणी दाबून तो तसा झाला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. हातमोजे घ्यायला गेली की दुकानदारणीला सांगायची, "दोन मापांतला एकेक द्या. माझे हात बहिणी आहेत, पण जुळ्या नाहीत."

पॅरिसमध्ये तांप्ल रस्त्यावर, एका अंगणाच्या आत, तिसऱ्या मजल्यावर ब्रेशारांचा चांदीचा कारखाना होता. तिथं मी तिच्या शेजारी बसायचे. मी रोझीन. नवरा दुसरीबरोबर मार्सेयला निघून गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मला कुठलंच काम येत नव्हतं. पहिल्या दिवशी आर्मांदीननं माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. "घाम येत नाही ना? मग शिकशील. घामट हाताला चांदी काळी पडते," म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि नवऱ्यासाठी रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रड. आसवांचेही डाग पडतात."

आमचं काम ओप द्यायचं. कारागीर पुरुष भांडं ठोकून घडवायचे, जोडाला वितळलेल्या धातूचा डाक लावून पक्कं करायचे आणि आमच्याकडे पाठवायचे. आम्ही चौघी बायका उंच खिडकीशी बसून ते साबणाच्या पाण्यात भिजवायचो, आधी पोलादाची ओपणी फिरवायची, मग अकीक दगडाची. घासलं तर चांदी झिजते, ओप देताना ती झिजत नाही. नुसती दाबली जाते, मऊ होऊन पसरते, बारीक ओरखडे आणि छिद्रं आपोआप मिटतात. त्यासाठी खांद्यापासून जोर लावावा लागतो. संध्याकाळी सूपचा चमचा उचलताना माझा हात थरथरायचा. आर्मांदीनचा कधी थरथरला नाही.

तिची आईही हेच काम करायची. मेनिलमोंतांच्या चढावर त्यांची एक खोली होती. आर्मांदीन बाराव्या वर्षी कामाला लागली. नवरा, गूझों, गॅसच्या नळ्या जोडायचा. एकोणीसशे चाळीस सालच्या लढाईत जूनमध्ये तो गेला. मूलबाळ नव्हतं. लग्नाचा विषय कुणी काढला तर म्हणायची, "एक चांगला होता, तो गेला. आता वाईट घेऊन काय करू?"

भांडखोर होती का? होती. पाववाल्याशी पावाच्या वजनावरून भांडायची, पाद्र्याशी प्रवचनाच्या लांबीवरून. एकदा आमच्या मालकांनी, ब्रेशारांनी, आमच्या खिडकीच्या खालच्या काचा पांढऱ्या रंगवून घेतल्या. बायका अंगणात बघत बसतात असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्मांदीन अर्धा तास लवकर आली आणि पोलादी ओपणीनं सगळा रंग खरवडून काढला. मालक ओरडत आले. ती खाली मान घालून काम करत होती. "उजेड नसेल तर काम होत नाही, मालक," तिनं सांगितलं. "आंधळ्या बायका हव्या असतील तर तशी जाहिरात द्या." काचा पुन्हा कुणी रंगवल्या नाहीत. मालक वाईट नव्हते, पण ज्याचा आवाज शेवटचा ऐकला त्याचं त्यांना पटायचं.

चांदीवरचे छाप ती कुठं शिकली हे तिलाही नीट सांगता यायचं नाही. शाळा जेमतेम झालेली. पण भांडं उलटं केलं की ती ते वर्तमानपत्रासारखं वाचायची. नव्या भांड्यावर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, म्हणजे सरकारनं चांदीचा कस तपासला. शेजारी शंकरपाळ्याच्या आकारात कारागिराची अक्षरं. राजेशाहीतल्या जुन्या भांड्यावर चार छाप असायचे: घडवणाऱ्याचा, कर लागू झाल्याचा, चांदी खरी असल्याची खात्री देणारं सोनारांच्या पंचांचं अक्षर, जे दरवर्षी बदलायचं, आणि शेवटी कर भरून भांडं मोकळं झाल्याचा. "चार माणसांनी हे भांडं हातात घेऊन स्वतःच्या अब्रूवर सही केलीय," ती मला सांगायची. "आपली सही कुठं नसते. पण पाचवी आपणच."

ओप द्यायला घेण्याआधी भांड्याच्या बुडावर श्वास सोडायची तिची सवय होती. तोंड अगदी जवळ नेऊन हाऽऽ करायची, जसा आपण चष्म्यावर करतो. चांदीवर धुकं बसायचं आणि डाकाची रेघ असेल तर ती त्या धुक्यात वेगळी दिसायची, कारण डाकात दुसरा धातू मिसळलेला असतो. कुठं जोड आहे ते कळलं की तिथं बेतानं दाबता येतं. कामापुरती सवय, बाकी काही नाही.

हे सगळं झालं ते चोपन्न सालच्या वसंतात.

ओबांतों नावाचे एक जुन्या चांदीचे व्यापारी होते. नदीपलीकडे त्यांचं दुकान होतं. राखाडी हातमोजे, गोड आवाज, नवीन वर्षाला आम्हा चौघींना बदामाच्या मिठाईची पेटी. आम्हाला ते आवडायचे, आर्मांदीनलासुद्धा. "हा माणूस भांडं बाळासारखं धरतो," ती म्हणायची. त्यांची जुनी भांडी पोचे काढायला आमच्या कारखान्यात यायची आणि शेवटचा ओप ते नेहमी तिच्याकडूनच मागायचे. साखरदाणी, मोहरीदाणी, असं दोन वर्षांत बरंच काही येऊन गेलं होतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी त्यांची कॉफीदाणी आली. पेरूसारखं पोट, तीन पाय, लाकडी मूठ. दीडेक महिन्यांनी मोठा लिलाव होता, त्यासाठी ती तयार करायची होती. मालकांनी स्वतः आणून आर्मांदीनच्या बाकावर ठेवली. "पंधराव्या लुईच्या काळची आहे. बुडाकडे जरा जास्त लक्ष द्या, मादाम गूझों. तिथं खरखरीत लागतंय."

आर्मांदीननं ती उलटी केली आणि श्वास सोडला. मग पुन्हा सोडला. मग मला म्हणाली, "रोझीन, इकडे ये. काय दिसतं सांग. मी काही सांगत नाही."

मी वाकले. धुक्यात चारही छाप होते, आणि त्यांच्याभोवती एक बारीक रेघ. बोटाएवढी लांब, बोटाहून अरुंद, टोकाला गोलसर.

"ठिगळ आहे," मी म्हणाले.

"कशाचं?"

मी आणखी खाली वाकले.

"छाप कसे बसलेत बघ. एकापुढे एक, शाळेतल्या पोरींसारखे रांगेत. एवढं मोठं बूड मोकळं असताना कोण असे छाप मारतं? ज्याच्याकडे जागा नाही तो. ही चमच्याची दांडी आहे." तिनं नखानं शेवटचा छाप दाखवला. "आणि कर भरल्याचा हा छाप चमच्या-काट्यांवर मारायचे. मोठ्या भांड्याला दुसरा असायचा. कुणीतरी राजाच्या वेळचा एक साधा चमचा कापला, त्याचा छापाचा तुकडा गेल्या वर्षी घडवलेल्या कॉफीदाणीच्या बुडात बसवला. चमच्याला कुत्रं विचारत नाही. कॉफीदाणीसाठी लोक रांग लावतील."

"मग आता?"

तिनं कॉफीदाणी खाली ठेवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ओबांतोंचा राग आला असेल. पण ती म्हणाली, "मोहरीदाणीचं बूडही खरखरीत होतं. आठवतं तुला? आणि त्या आधीची साखरदाणी. मालक म्हणाले होते, बुडाकडे जास्त लक्ष द्या. मी घाईत होते. त्या दोन्ही वेळा श्वास सोडला नाही, नुसती दाबत गेले." तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "रोझीन, ओप दिला की सांधा मिटतो. तो माणूस माझ्याकडे चमकवायला भांडी आणत नव्हता गं. मिटवायला आणत होता."

तिनं कॉफीदाणी कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि मालकांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ओबांतों तिथंच बसले होते, मालकांबरोबर वाइनचा पेला घेत.

"हे काम मी करणार नाही," तिनं सांगितलं.

मालक हसले. "का? बरं नाही का तुम्हाला?"

"मला बरं आहे. भांडं आजारी आहे. बुडाला चमचा शिवलाय."

ओबांतोंनी पेला खाली ठेवला. आवाज जराही चढला नाही. "मादाम, दोनशे वर्षांचं भांडं आहे. मध्ये कुणी डागडुजी केली असेल. तुम्ही हातांनी उत्तम काम करता. इतिहासाचं काम दुसऱ्यांवर सोडा."

"सोडते की. फक्त माझे हात मी माझ्याकडे ठेवते."

"अहो मादाम गूझों," मालक उठून उभे राहिले, "तुम्हाला ओप द्यायला ठेवलंय, तपासायला नाही. बुडावर काय आहे ते गिऱ्हाईक बघेल, तज्ज्ञ बघेल, सरकार बघेल. तुम्ही कोण?"

"मी ती, जिनं हात फिरवल्यावर त्यांतल्या कुणालाच काही दिसणार नाही. म्हणून तर आणलंय माझ्याकडे. असं नसेल तर ओबांतों साहेबांनी हे असंच न्यावं लिलावाला. रेघ दिसू दे. दुरुस्तीच आहे ना, मग लाज कसली?"

ओबांतोंनी हातमोजे चढवले. कॉफीदाणी उचलली. जाताना दारात थांबून मालकांना एवढंच म्हणाले, "तुमच्या कारखान्यावर माझा फार जीव होता, ब्रेशार." भूतकाळात म्हणाले. मालकांना ते बरोबर कळलं.

दुपारी आम्ही डब्यातली मसूर खात असताना मालक आले. सोमवारपर्यंत ओबांतोंना माफीचं पत्र लिहायचं, नाहीतर बाक रिकामा करायचा, असं म्हणाले. आर्मांदीननं घास पूर्ण चावला, गिळला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोमवार कशाला?" तिनं आपल्या ओपण्या एकेक करून फडक्यात बांधल्या. अकीकाच्या दोन तिच्या आईच्या होत्या. साबणाची वाटी मात्र मालकांची होती, ती धुऊन पालथी घातली आणि जिना उतरून गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती भरदुपारी रस्त्यावर होती.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. म्हटलं, सरकारच्या तपासणी कचेरीत जाऊन सांग. ती म्हणाली, "काय दाखवू त्यांना? भांडं त्याच्याकडे आहे. माझ्याकडे फक्त माझा श्वास आहे." मग कितीतरी वेळ ती बटाटे सोलत राहिली. आम्ही दोघीच जेवणार होतो, तिनं सहा माणसांचे सोलले.

पुढचे पाच आठवडे तिला काम मिळालं नाही. त्या गल्ल्यांमध्ये बातमी आमच्या पायांपेक्षा वेगानं फिरायची. ज्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं तिला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला होता, त्यांची दारं अर्धीच उघडायची. "सध्या गर्दी नाही, मादाम गूझों." "उन्हाळ्यानंतर बघू." एकानं तर खरं सांगितलं, "तुम्ही हुशार आहात, पण मला गिऱ्हाईक हवंय."

जूनच्या सुरुवातीला भिंतींवर लिलावाचे कागद लागले. शनिवारी भांडी लोकांना बघायला मांडणार, सोमवारी बोली. यादीत ती कॉफीदाणी होती. पंधराव्या लुईच्या काळची, पॅरिसची, छाप स्पष्ट. आर्मांदीननं तो कागद दोनदा वाचला. "शनिवारी तुला सुट्टी आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. पण तू काय करणार आहेस?"

"बघायला मांडलंय. बघणार."

ती रविवारचा निळा कोट घालून आली. डोक्यावर टोपी, हातात मोठी पिशवी. लिलावघरात आत गेलो तर लाल कापड घातलेली टेबलं, त्यांवर चांदी, आणि चांदीभोवती अशी माणसं जी एकमेकांशी कुजबुजतच बोलतात. कॉफीदाणी मधल्या टेबलावर होती. शेजारी टक्कल पडलेले, भिंग लटकवलेले एक गृहस्थ उभे होते. ते लिलावाचे तज्ज्ञ. दोन पावलांवर ओबांतों होते. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं.

"हातात घेऊ का?" आर्मांदीननं तज्ज्ञांना विचारलं.

"जरूर, मादाम."

तिनं कॉफीदाणी उलटी केली आणि श्वास सोडला. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. धुकं बसलं, हळूहळू उडून गेलं. रेघ नव्हती. कुठंच नव्हती. बूड आरशासारखं होतं.

ओबांतों आता आमच्याकडेच बघत होते. ते हसत नव्हते, पण त्यांनी खांदे सैल सोडलेले मला दिसले.

आर्मांदीननं बूड खिडकीकडे तिरकं धरलं. मला हळूच म्हणाली, "वरून चांदीचं पाणी चढवलंय. बघ कशी पिठासारखी पांढरी दिसते. आणि त्यावर ओप दिलाय. ओढ उलटी आहे, डावरीचा हात आहे." त्या भागात डावरी ओपवाली एकच होती. आम्हा दोघींनाही तिचं नाव माहीत होतं. तिच्या घरी तीन पोरं होती.

मग आर्मांदीननं पिशवीतून ओलं फडकं काढलं. त्यात दगडाची बारीक भुकटी गुंडाळलेली होती, आम्ही ओपणीआधी वापरतो तीच. कुणाला काही कळायच्या आत तिनं तो रुंद अंगठा त्या फडक्यावर ठेवून बुडावर दाबून फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. चांदीवर फडकं करकरल्याचा आवाज सगळ्या दालनात गेला.

"अहो! काय करताय!" तज्ज्ञ ओरडले. ओबांतोंनी झेप घेऊन तिचा हात धरला. ती अंगानं थोराड होती. हात सोडवून घेतला आणि घासतच राहिली.

"वेडी बाई आहे!" ओबांतोंचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "कारखान्यातून काढून टाकलेली बाई आहे ही! माझं भांडं खराब करतेय! पोलिसांना बोलवा!"

"बोलवा ना," आर्मांदीन म्हणाली. "श्वास पोलिसांनाही सोडता येतो."

तिनं बूड कोरडं पुसलं. आता तिथं एक मळकट, ओरबाडलेला डाग होता आणि डागाच्या मध्ये छाप. तिनं भांडं ओठांजवळ नेलं नाही. ते तज्ज्ञांच्या तोंडासमोर धरलं. "मी नाही. तुम्ही करा. माझ्यावर कुणी विश्वास ठेवायची गरज नको."

ते गृहस्थ घामाघूम झाले होते. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्यांनी ओबांतोंकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. मग वाकून श्वास सोडला.

रेघ दिसली. बोटाएवढी लांब, बोटाहून अरुंद, टोकाला गोलसर.

गर्दीतली एक म्हातारी बाई म्हणाली, "अगं बाई, हा तर चमचा." आणि तिच्या त्या एका वाक्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले.

पोलीस आले ते आर्मांदीनलाच घेऊन गेले, कारण तक्रार तिच्याविरुद्ध होती. दुसऱ्याच्या मालाचं नुकसान. ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं. लिहिणाऱ्या हवालदारानं विचारलं, "व्यवसाय?" ती म्हणाली, "ओपवाली. बेरोजगार." तो म्हणाला, "एकच लिहायला जागा आहे." ती म्हणाली, "मग पहिलं लिहा. दुसरं बदलेल." संध्याकाळी तपासणी कचेरीचा एक अधिकारी भिंग घेऊन आला, कॉफीदाणी जप्त झाली आणि तिला सोडलं.

खटला उभा राहायला वर्ष लागलं. ओबांतोंच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कापलेल्या चमच्यांची एक पेटी सापडली होती. दांड्या अर्ध्या, छापाची जागा गायब. त्यामुळे त्यांच्या वकिलाकडे बोलायला फारसं काही नव्हतं. त्यानं मग मोर्चा आर्मांदीनकडे वळवला. ही सूड घेणारी बाई आहे, हिला छापांतलं काय कळतं, वगैरे.

विचारलेल्या प्रश्नांपुरतीच तिनं उत्तरं दिली असती तर काम संपलं असतं. पण ती म्हणाली, "साहेब, मला आणखी सांगायचंय. या माणसाच्या अजून दोन भांड्यांचे सांधे मी मिटवलेत. एक साखरदाणी, एक मोहरीदाणी."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग तुमचा दोष नाही, मादाम. हे तुम्ही सांगायची गरज नव्हती."

"दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा. हात माझा होता, हे मी ठरवलंय. ती भांडी कुणाच्या तरी कपाटात खरी म्हणून बसलीयत. ती शोधा."

"आणि या कॉफीदाणीला ओप कुणी दिला?" वकिलानं टपकन विचारलं. "तुम्हाला एवढं ओळखता येतं, तर हेही सांगा."

"ओळखता येतं. सांगणार नाही."

"न्यायालयापुढे लपवताय?"

"लपवत नाही, तोंडावर नाही म्हणतेय. तिला जसं सांगितलं तसं तिनं केलं, मी केलं होतं तसंच. चमचे कापणारा समोर बसलाय, त्याला विचारा की."

न्यायाधीशांनी वकिलाला खाली बसायला सांगितलं. ओबांतोंना शिक्षा झाली, दुकान बंद झालं. आर्मांदीनवरची नुकसानीची तक्रार टिकली नाही. त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर ती डावरी ओपवाली उभी होती. दोघी शेजारी शेजारी मेट्रोपर्यंत चालत गेल्या आणि मी मागून.

खटला जिंकल्यावर तिला काम मिळालं असेल असं वाटतं ना? नाही मिळालं. उलट आता सगळेच घाबरले. खऱ्या व्यापाऱ्यांनाही आपल्या भांड्यावर श्वास सोडणारी बाई नको होती. वर्षभर तिनं दवाखान्यांचे आणि उपाहारगृहांचे काटे-चमचे घरी आणून घासले. हात रापले, पण ती कुणाच्या दारात दुसऱ्यांदा गेली नाही.

छप्पन साली मी ब्रेशारांची नोकरी सोडली. मी, आर्मांदीन आणि ती डावरी, जिचं नाव मी आजही लिहिणार नाही, अशा तिघींनी शार्लो रस्त्यावर पाचव्या मजल्यावर उत्तरेच्या उजेडाची एक खोली घेतली. दारावर पाटी नव्हती, एक अट होती. गिऱ्हाइकानं समोर उभं राहायचं, आर्मांदीन भांड्यावर श्वास सोडणार, दोघांनी बघायचं आणि मगच काम घ्यायचं. पहिले काही महिने दिवसचे दिवस कुणी फिरकलं नाही. मी घाबरले. "अट जरा सैल करूया का?" म्हटलं.

"कुठल्या बाजूनं सैल करू?" ती म्हणाली. "अर्धा श्वास सोडू?"

पहिलं गिऱ्हाईक आलं ती एक जुनी व्यापारीण होती. फटकळ. म्हणाली, "तुमच्याकडून भांडं परत आलं की लोक बूड बघणारच नाहीत. माझा वेळ वाचेल." तिच्यामागून बाकीचे आले. दोन वर्षांत काम नाकारायची वेळ आली.

मग ब्रेशार आले. पाच मजले चढून धापा टाकत. त्यांना आर्मांदीन परत हवी होती. "झालं गेलं विसरून जाऊ," म्हणाले. "तुमचा बाक अजून रिकामाच आहे. फक्त ते श्वासाचं... गिऱ्हाइकासमोर नको."

तिनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. मग म्हणाली, "मालक, तुम्ही मला काढलंत त्याचा राग नाही. मला विचारलंत, तुम्ही कोण, त्याचा राग आहे. त्याचं उत्तर मिळालं का तुम्हाला?" ब्रेशार कॉफी संपवून निघून गेले. पुढं ते स्वतःची भांडी आमच्याकडे पाठवायचे, आणि ती पाठवताना अट पाळायला स्वतः चढून यायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच म्हटलंय.

साखरदाणी सापडली, तिच्या मालकानं ती मुकाट्यानं वितळवायला दिली. मोहरीदाणी मात्र लिओं शहरातल्या एका संग्राहकाकडे होती आणि तो काही केल्या मानेना. तपासणीवाल्यांना त्यानं दारातूनच परत पाठवलं, आपली मोहरीदाणी हरवली म्हणून सांगितलं. पण दोन वर्षांनी एका मासिकात त्याच्या दिवाणखान्याचं चित्र आलं, त्यात ती ऐटीत बसलेली. तेव्हापासून दर जानेवारीत आर्मांदीन त्याला पत्र लिहायची. चार ओळी. मोहरीदाणीच्या बुडाला चमचा आहे, तो सांधा मी मिटवला, भुकटी आणि फडकं घेऊन माझ्या खर्चानं येईन, दिवस कळवा. खाली सही, आर्मांदीन गूझों, ओपवाली.

त्याचं उत्तर कधी आलं नाही. बासष्ट साली त्याच्या मुलीचं आलं: वडील आजारी आहेत, कृपा करून हा छळ थांबवा. आर्मांदीननं ते मला वाचून दाखवलं. मला वाटलं आता थांबेल. तिनं वडिलांच्या प्रकृतीसाठी दोन ओळी लिहिल्या, मनापासून लिहिल्या, आणि खाली पुन्हा त्याच चार ओळी. "आजारी माणसाशी खोटं बोलायचं का मी?" ती म्हणाली.

एकोणसत्तर साली, अडुसष्टाव्या वर्षी, तिनं काम थांबवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. एका ताटाच्या काठावर तिला ओपात स्वतःच्या हलत्या हाताची लाट दिसली, तिनं ते ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हे तू कर." त्यानंतर ती खिडकीशी नुसती बसायची, आमच्या चुका काढायची आणि आम्ही वैतागायचो. बहात्तरच्या मार्चमध्ये, न्यूमोनियानं, आठ दिवसांत गेली. दवाखान्यात नर्सनं तिची नखं कापायला हात धरला तर विचारत होती, "घाम येतो का गं तुझ्या तळव्याला?"

तिची खोली आवरताना टेबलावर पुढच्या वर्षीचं पत्र लिहून ठेवलेलं मिळालं. तारीख मोकळी होती. मी ते तसंच पाठवलं नाही. मेलेल्या माणसाची सही पाठवणं मला बरं वाटलं नाही. मी नवीन कागद घेतला, चार ओळी माझ्या हातानं लिहिल्या, 'मी मिटवला'च्या जागी तिचं नाव घातलं आणि खाली माझं. संग्राहक आता नाही, मोहरीदाणी मुलीकडे आहे. यंदा जानेवारीत तिनं पहिल्यांदाच मला टेलिफोन केला. चिडलेली होती. "तुम्ही लोक कधी थांबणार आहात?"

मी म्हटलं, "श्वास सोडून बघितलंत का?"

तिकडून फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला. मग तिनं फोन ठेवला.